आरओ सोडून बोअरचं पाणी घातल्यावर मासे वर येऊन धापा टाकतायत. पाण्यात नेमकं काय बिघडलं?

काचपेटी

नमस्कार मंडळी. घरात दोन टँक आहेत, दोन्ही वर्षभर चालू. अंदाजाने बोलावं लागू नये म्हणून आकडे देतो.

मोठा टँक ३ फूट × सव्वा फूट × सव्वा फूट. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ११० लिटर पाणी. ३ ओरांडा आणि २ शुबुनकिन (आता एकच), हे सगळे गोल्डफिश, शिवाय १ सकर (शेवाळ चाटणारा तळाचा मासा). इंटर्नल पॉवर फिल्टर आणि एक एअर स्टोन.

लहान टँक २ × १ × १ फूट, निव्वळ ४५ लिटर. गप्पी आणि प्लॅटी मिळून डझनभर. एअर पंपवरचा स्पंज फिल्टर.

दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन्हींना सुरुवातीपासून फक्त आरओचं पाणी. पंधरा दिवसांनी पाव भाग बदल. यंदा पाणीकपात सुरू झाल्यावर आरओमधून वाया जाणारं पाणी परवडेना, म्हणून मोठ्या टँकचं अर्धं पाणी नळाच्या पाण्याने बदललं. आमच्या सोसायटीत (वाकड, पुणे) उन्हाळ्यात नळाला बोअर आणि टँकरचं पाणी एकत्र येतं. दुकानातलं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घातलं होतं. दोन-तीन तासांत सगळे मासे वर आले, तोंड सारखं उघडझाप. सकाळपर्यंत एक शुबुनकिन गेला. पाणी मात्र काचेसारखं नितळ.

थेंबांच्या किटने घेतलेली मापं (अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम; केएच म्हणजे पीएच पडू न देणारी क्षारता आणि जीएच म्हणजे पाण्याचा कठीणपणा, दोन्ही अंशांत; टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार):

मोठा टँक (पाणी बदलल्यानंतर): पीएच ७.८, अमोनिया २, नायट्राइट ०, नायट्रेट ४०, केएच ७.
लहान टँक (अजून आरओवरच): पीएच ६.०, अमोनिया ४, नायट्राइट ०, नायट्रेट ८०, केएच पहिल्याच थेंबाला रंग बदलतो. टीडीएस २१०.
नळाचं पाणी: पीएच ७.४, केएच १४, जीएच २२, टीडीएस ७८०, अमोनिया ०.
आरओ: टीडीएस ४५, केएच १.

दोन्ही टँकचं तापमान ३० अंश. लहान टँकमध्ये अमोनिया दुप्पट असूनही गप्पी मजेत पोहतायत, हे कोडं सुटत नाही. परत आरओवर जाऊ का? लहान टँकला आता हात लावावा की नको?

---

नितळ

लहान टँकला बोअरचं पाणी अजिबात घालू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता कोडं. अमोनिया ४ आणि नायट्राइट ० म्हणजे फिल्टरमधले जिवाणू (अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे) काम करत नाहीत. नवा टँक असता तर म्हटलं असतं की ते अजून बसलेच नाहीत. पण नायट्रेट ८० आहे, म्हणजे इथे अमोनियाचं नायट्रेट होत होतं आणि मध्येच ते काम बंद पडलं. हे जिवाणू पीएच साडेसहाच्या खाली मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. तुमच्या किटवरचा ६.० म्हणजे 'सहा किंवा त्याहून कमी' असं वाचा. त्या रंगपट्टीवर सहाच्या खाली रंगच छापलेला नसतो.

गप्पी मजेत का? पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ज्याचा माशाला फारसा त्रास नाही. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ आत शिरतो. किट दोघांची बेरीज दाखवतं. त्यातला मोकळा किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. ३० अंशांना पीएच ६ असेल तर एकूण अमोनियाच्या ०.०८ टक्के मोकळा असतो. पीएच ७ ला ०.८ टक्के. ७.८ ला जवळपास ५ टक्के. ८.२ ला ११ टक्क्यांच्या वर.

म्हणजे लहान टँकमध्ये ४ पीपीएममधला मोकळा अमोनिया ०.००३ पीपीएम. मोठ्या टँकमध्येही पाणी बदलण्याआधी ४ च्या आसपासच असणार, कारण अर्धं पाणी बदलल्यावर २ उरलाय. तिथे आता २ पीपीएमचे ५ टक्के, म्हणजे ०.१ च्या जवळ. अर्धा अमोनिया बाहेर काढूनही विषारी हिस्सा तीसपट झाला. सतत राहिला तर माशांना बाधतो असा आकडा साधारण ०.०२ धरतात. त्यात टीडीएस एका दमात वर गेला, तो धक्का वेगळा.

दोन टँकना दोन उलटे उपाय आहेत. गल्लत करू नका.

मोठा टँक: पीएच आधीच चढलाय, तो आता खाली ओढायचा नाही. फक्त अमोनिया पातळ करायचा, आणि तेही पीएच आणखी न चढवता. टँकचा केएच ७ आहे, म्हणून घालायचं पाणीही केएच ७ चंच हवं: निम्मं बोअर, निम्मं आरओ. आज ५० लिटर बदला (२५ अधिक २५), उद्या पुन्हा ५०. अमोनिया २ वरून १, मग अर्ध्यावर येईल. आरओ तेवढं मिळालं नाही तर नुसतं बोअर घातलंत तरी अमोनिया उतरेल, पण पीएच ८ कडे सरकेल आणि निम्मा फायदा तिथेच जाईल. एअर स्टोन पूर्ण जोरात ठेवा. खाणं बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही.

लहान टँक: आधी अमोनिया काढा, मग पीएच चढवा. हा क्रम उलटला की मोठ्या टँकमध्ये जे झालं तेच होणार. रोज १८ लिटर पाणी आरओनेच बदला. ४ चा २.४ होईल, दुसऱ्या दिवशी १.४, तिसऱ्या दिवशी ०.९ च्या खाली. सोबत २०० ग्रॅम झिओलाइटचे खडे, पांढरं पाणी येणं थांबेपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून स्पंज फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ टांगा. झिओलाइट अमोनियमच धरतो, त्यामुळे कमी पीएचच्या पाण्यात तो छान काम करतो. कोळंबीच्या तळ्यांसाठी मिळणारी झिओलाइटची पूड आणू नका, टँकभर दूध होईल. खडेच हवेत.

अमोनिया ०.५ च्या खाली आला की रोज ३ लिटर पाणी काढून ३ लिटर बोअर घाला. ४५ लिटरमध्ये ३ लिटर, केएच १४ चं, म्हणजे रोज जवळपास १ अंश केएच वाढतो आणि टीडीएस चाळीस-पन्नासने. केएच ४-५ झाला की थांबा. प्रत्येक वेळी घालण्याआधी अमोनिया मोजा. तो पुन्हा १ च्या वर दिसला तर त्या दिवशी बोअर नाही, आरओ.

अमोनिया 'बांधणारी' औषधं मिळतात. सीकेम प्राइमचा नेहमीचा डोस २०० लिटरला ५ मि.ली., म्हणजे मोठ्या टँकला पावणेतीन मि.ली. पुरे. क्लोरीनसाठी ते चांगलं आहे, पण अमोनियासाठी त्या एकट्यावर विसंबून पाणी बदलणं टाळू नका.

---

हायपो

निदान पटलं. पण क्लोरीनचा मुद्दा सोडून देऊ नका, कारण तुमच्या नळात टँकर आहे. सोसायटीची टाकी धुतल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, टँकरवालेही कधी कधी थेट टँकरमध्ये ओततात. मोजून कोणी टाकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असं आहे. माणसासाठी तो किमान आहे, माशाच्या कल्ल्यांना तेवढाही नको. टाकी धुतल्याच्या दिवशी हा आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो.

ओळखायचं कसं? ग्रामपंचायतीत आरोग्यसेवक करतात तीच ओटी टेस्ट. ओर्थोटोलिडिनची छोटी बाटली पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. परीक्षानळीत पाणी घ्या, थेंब टाका; पिवळा रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. तपासलेलं पाणी टँकमध्ये ओतू नका आणि हात धुवा, ते रसायन चांगलं नाही.

दुकानातल्या अँटी-क्लोरीनच्या सुट्या बाटल्यांवर द्रावण किती तीव्र आहे ते छापलेलंच नसतं. 'इतक्या लिटरला इतके थेंब' कोणत्या क्लोरीनला धरून लिहिलंय, देव जाणे. त्यापेक्षा घरी करा. सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक, म्हणजे जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणत तेच, १० ग्रॅम घेऊन आरओच्या पाण्यात विरघळवा आणि द्रावण १०० मि.ली. भरा. गडद बाटलीत, उन्हापासून लांब. दोन-तीन महिन्यांनी नवं करा. एका भाग क्लोरीनला जास्तीत जास्त ७ भाग थायोसल्फेट लागतं असं धरलं, तर १० लिटरला १ मि.ली. द्रावण १.४ पीपीएम क्लोरीन मारतं. २० लिटरच्या बादलीला २ मि.ली., टाकी धुतलेल्या आठवड्यात ४.

आणि मग तपासा. बादलीत द्रावण घाला, ढवळा, दोन मिनिटांनी पुन्हा ओटी. रंग आला नाही तरच पाणी टँकमध्ये. दुकानातली बाटली वापरत असाल तरी हीच परीक्षा घ्या, ती किती पाण्यात आहे ते लगेच कळेल.

नळाच्या पाण्याचा पीएच ७.४ लिहिलाय, तोही फसवा वाटतो. बोअरच्या पाण्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, तो पीएच दाबून ठेवतो. हवा लागली की तो उडून जातो. एक बादली भरा, एअर स्टोन सोडा, २४ तासांनी मोजा. केएच १४ असलेलं पाणी ८.२ च्या आसपास जाऊन थांबेल. टँकमध्ये शेवटी तोच पीएच मिळणार असतो, नळाखाली मोजलेला नाही.

---

खडीवाला

वर दोघांनी आग विझवायची कशी ते सांगितलं. आग लागली का, तेही बघू, नाहीतर सहा महिन्यांनी हाच धागा पुन्हा वर येईल.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल केएच खातं. हिशेब ठरलेला आहे: अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन जिरवायला कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ७ मिलिग्रॅमहून थोडी जास्त क्षारता जाते. ४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम खाण्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा अमोनिया होऊन पाण्यात आला असं धरा, ३० च्या आसपास. म्हणजे २१५ मिलिग्रॅम क्षारता गेली. ११० लिटरमध्ये ती ०.१ अंश केएचच्या जरा वर. रोज १ ग्रॅम खाणं म्हणजे दहा दिवसांत १ अंश केएच साफ. आरओचा केएच आहेच मुळी १, आणि तुम्ही पंधरा दिवसांनी पाव भाग बदलत होतात. हा हिशेब कधी जुळणारच नव्हता. पीएच पडला, जिवाणू थांबले, अमोनियम साठत राहिलं. पाणी नितळ दिसत होतं, कारण यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.

दुकानदाराने आरओ कशासाठी सांगितलं कोण जाणे. गोल्डफिश, गप्पी, प्लॅटी, तिघांनाही जरा कठीण, पीएच ७.५ च्या आसपासचं पाणी आवडतं. आरओ लागतं ते डिस्कससारख्यांना, किंवा निऑनची पिल्लं काढायची असतील तर. आणि तिथेही आरओमध्ये क्षार परत मिसळून वापरतात, कोरं नाही.

मग नुसतं बोअर घालायचं का? गोल्डफिशना चालेल. मी तरीही मिश्रण म्हणेन, त्याचं कारण सोसायटी. पावसाळा लागला की धरणाचं पाणी नियमित येतं, ते मऊ असतं. मार्चपासून बोअर वाढतं, मेमध्ये टँकर. म्हणजे नळाच्या पाण्याचा केएच वर्षात दोनदा तळापासून बदलतो, तुम्हाला न सांगता. ठरावीक प्रमाण पाठ करू नका, मोजून मिसळा. आजच्या आकड्यांवर ३ भाग आरओ आणि १ भाग बोअर घेतलं तर केएच सव्वाचार, जीएच सहाच्या वर, टीडीएस २३०. गप्प्यांच्या टँकला तेवढं पुरे. गोल्डफिशना निम्मं-निम्मं. सप्टेंबरात हेच प्रमाण ठेवलंत तर केएच पुन्हा तळाला जाईल. टीडीएस मीटर रोजचा, केएचची बाटली पंधरवड्याला.

केएचसाठी दोन घरगुती मार्ग आहेत. एक, खायचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे १ अंश. चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा. टँकच्या पाण्यात आधी विरघळवून, दिवसाला १ अंशाहून जास्त नाही, आणि अमोनिया शून्य असल्याशिवाय अजिबात नाही. बेकिंग पावडर वेगळी, धुण्याचा सोडा वेगळा. धुण्याच्या सोड्याने पीएच उडी मारतो. इनो तर नकोच, त्यात सायट्रिक आम्ल असतं. (हे सांगावं लागतं.)

दुसरा, शिंपल्यांचा चुरा. हा मला जास्त आवडतो, कारण तो स्वतःच लगाम धरतो: पाणी आम्लाकडे झुकलं की जास्त विरघळतो, सातच्या वर गेलं की मंदावतो. १०० ते १५० ग्रॅम चुरा जाळीच्या पिशवीत, फिल्टरच्या प्रवाहात. तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपल्या उकळा, आतलं मांस खरवडा, कडक वाळवा, खलबत्त्यात भरड कुटा. जुनी पुस्तकं आणि परदेशी व्हिडिओ प्रवाळाचा चुरा घाला म्हणतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. किनाऱ्यावरून उचलूही नका, कोणी विकत असेल तर घेऊही नका.

फिल्टरबद्दल एकच. स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा, पाणी जाण्याइतपत मोकळा झाला की बास. पांढराशुभ्र करायचा नाही, मळकट राहिलेलाच चांगला. महिन्याला माणूस बोलावून सगळी खडी बाहेर काढून धुण्याची पद्धत ही पैसे देऊन टँक पुन्हा नवा करून घेण्याची पद्धत आहे. सायफन नळीने निम्मी खडी या वेळी, निम्मी पुढच्या वेळी. फिल्टरबरोबर मिळणारी काडतुसं महिन्याला फेकायचीही गरज नाही. स्पंजचे तुकडे पडेपर्यंत तोच वापरा.

---

नितळ

खडीवाल्यांच्या खायच्या सोड्याला थोडा विरोध. आत्ताच्या परिस्थितीत तो घालू नका. बोअरच्या पाण्यात केएचबरोबर कॅल्शियमही येतं, सोड्यात फक्त सोडियम. गप्पी-प्लॅटींना जीएचही लागतो आणि तुमच्या आरओत तो जवळजवळ नाहीच. नळाला धरणाचं मऊ पाणी यायला लागेल तेव्हा सोडा उपयोगी, आता बोअर असताना कशाला?

आणखी दोन गोष्टी. तुमच्या आरओ मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल तर कोणीतरी तो फिरवून ठेवतं आणि ४५ चा टीडीएस १५० होतो. लहान टँकमध्ये आरओ घालण्याआधी दर वेळी मीटर बुडवा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र टँकला नको, त्यात बोअरचे क्षार आणखी घट्ट झालेले असतात. ते फरशी पुसायला.

नायट्रेटच्या किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवून मगच थेंब टाकायचे असतात. तळाशी पूड बसलेली राहिली तर आकडा खोटा, कमी येतो. मोठ्या टँकमध्ये ४० दिसतंय ते खरं असेल, पण खात्री करा.

---

हायपो

पाणी ३० अंश आहे त्यावर कोणी बोललं नाही. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. पुण्याच्या उंचीवर दोन्ही आकडे आणखी थोडे कमी. पाणी गरम झालं की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो, त्यात अमोनियाने कल्ले सुजलेले. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. टँकचं झाकण काढून पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, चढ-उतार होतो.

पंख्याने पाणी भराभर उडेल. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायला आरओच घ्यायचं. बदलायचं पाणी मिश्रणाचं, भरायचं पाणी आरओचं. बोअरने भरत राहिलात तर उन्हाळा संपेपर्यंत टीडीएस हजारावर जाईल.

वीज जाते तेव्हा काय करता? बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. पॉवर फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर चालू करण्याआधी उघडा, आतलं साचलेलं पाणी ओतून टाका, स्पंज टँकच्या पाण्यात बुडवून काढा. बंद डब्यात प्राणवायू संपतो आणि ते घाण पाणी थेट माशांवर जातं. स्पंज फिल्टरला ही भानगड नाही.

---

काचपेटी

सगळ्यांचे आभार. मोठ्या टँकमध्ये निम्मं-निम्मं पाणी दोनदा बदललं, ४०० ग्रॅम झिओलाइट लावला. अमोनिया ०.५ च्या खाली, मासे खाली पोहतायत. लहान टँकमध्ये आरओने अमोनिया उतरवून आता रोज ३ लिटर बोअर चालू, केएच ४ पर्यंत आलाय, पीएच ७.२. नळाच्या पाण्याला ओटीने फिकट पिवळा रंग येतो, द्रावण घातल्यावर जातो. बादलीतला पीएच २४ तासांनी ८.२ आला.

पण लहान टँकमध्ये आता नायट्राइट १ दिसतंय. आधी शून्य होतं. हे काय नवीन? दुकानदार निळ्या औषधाचे थेंब टाका म्हणतो. मीठ घालू का?

---

खडीवाला

निळं-पिवळं काहीही नको. मिथिलीन ब्लू आणि अ‍ॅक्रिफ्लेविन फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतात, आणि तुमचे जिवाणू आत्ता कुठे उठून बसतायत.

नायट्राइट दिसणं अपेक्षितच होतं. पीएच सातवर गेल्यावर अमोनियाचं नायट्राइट करणारे आधी कामाला लागतात, नायट्राइटचं नायट्रेट करणारे मागून येतात. मधल्या काळात नायट्राइट साठतं. दोन-तीन आठवडे धरा, ३० अंशांना कदाचित लवकर. खाणं दोन दिवसांतून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकं. नायट्राइट १ च्या वर गेलं की ३० टक्के पाणी बदला, आता मिश्रणाच्या पाण्याने.

मीठ घालायचंच आहे, पण झिओलाइट आधी बाहेर काढा. मीठ लागलं की तो धरलेलं अमोनियम पाण्यात सोडून देतो. मोठ्या टँकमधलाही मीठ घालायच्या आधी काढायचा.

---

नितळ

मिठाचं प्रमाण: १० लिटरला १ ग्रॅम. लहान टँकला साडेचार ग्रॅम, चहाच्या चमच्याला थोडं कमी. खडे मीठ टँकच्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात दोन हप्त्यांत. यातून लिटरला ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळतं. नायट्राइट माशाच्या कल्ल्यातून क्लोराइडच्याच वाटेने आत जातं. पाण्यात क्लोराइड भरपूर असलं तर ते नायट्राइटला त्या वाटेवर जागा देत नाही. नायट्राइटमधल्या नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड ठेवतात, त्या हिशेबाने हे तुम्हाला भरपूर झालं. त्याहून जास्त घालून काही मिळत नाही. गप्पी-प्लॅटींना मिठाचं वावडं नाही. पाणी बदलाल तेव्हा फक्त काढलेल्या पाण्यापुरतं मीठ परत घाला, पूर्ण डोस नाही. पाणी उडून कमी झालेलं असेल तर मीठ अजिबात नाही, नुसतं आरओ.

मोठ्या टँकमध्ये नायट्राइट आलं नाही तर तिथे मीठ घालू नका, सकरला ते सोसत नाही. आणि तो सकर नीट वाढला तर फूटभराच्या वर जातो. ११० लिटरमध्ये चार गोल्डफिशच जड आहेत, त्यात त्याची विष्ठा ओरांडापेक्षा जास्त. मोठा टँक असलेल्या कोणाला तरी देऊन टाका. नदीत किंवा तलावात सोडू नका; तो तिथे जगतो, वाढतो आणि तिथल्या माशांना जागा उरू देत नाही.

---

काचपेटी

झिओलाइट दोन्हीकडून काढला. लहान टँकला मीठ दोन हप्त्यांत घातलं. सकरसाठी कोणाकडे ५ फुटी टँक असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पुण्यात असाल तर आणून देतो.